वारणी, दोर आणि घाट : महाराष्ट्रातील मालबांधणीचा इतिहास

मालवाहतुकीचा इतिहास बहुधा रस्त्यांचा, वाहनांचा आणि जकातीचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि वाहनावर चढवलेला माल वाटेत जागचा हलू नये म्हणून कोणी काय केले, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. घाटरस्त्यांच्या महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न वाहतुकीइतकाच जुना आहे. कारण कोकणातील बंदरे आणि देशावरील पेठा यांच्यामध्ये सह्याद्री उभा असल्याने चढ, उतार आणि वळण यांना तोंड दिल्याखेरीज कोणताही माल एकीकडून दुसरीकडे गेलेला नाही. ट्रकच्या हौद्यात, म्हणजे माल ठेवण्याच्या मागच्या मोकळ्या भागात, पोती किंवा खोकी थरावर थर लावून बसविण्याच्या कामाला बाजारपेठांत ‘वारणी’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘वारणार’. या कामाची पाळेमुळे ट्रकच्या कितीतरी आधीच्या काळात आहेत. ओझ्याच्या बैलाने समतोल शिकवला, बैलगाडीने अडसर शिकवला आणि ट्रकने दोराच्या ताणाचे महत्त्व शिकवले, असा या विद्येचा स्थूल क्रम लावता येतो. आणि हा क्रम पाहत गेले असता एक विसंगतीही लक्षात येते, ती अशी की ओझे किती याचा हिशोब सरकारने काटेकोरपणे ठेवला, पण ओझे बसले कसे याचा हिशोब बहुतांशी हमालाच्या आणि चालकाच्या हातावर सोडून दिला.

गोणी : समतोलाचा काळ

सह्याद्रीतील जुन्या वाटा चाकांसाठी नव्हत्या. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट सातवाहनकाळापासून व्यापाराचा मार्ग होता, तेथील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि जकातीशी जोडला जाणारा दगडी रांजण आजही घाटाच्या तोंडाशी उभा आहे. पण त्या घाटाच्या पायऱ्यांवरून गाडी जाणे शक्य नव्हते, जाऊ शकत होती ती जनावरे आणि माणसे. त्यामुळे मालाचे मूळ माप ठरले ते बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणीच्या जोडीचे. गोणी हा शब्द फार जुना असून पाणिनीच्या सूत्रांतही तो येतो, आणि इंग्रजीतील ‘गनी’ हा पोत्यासाठीचा शब्दही याच कुळातला आहे. धान्य, मीठ आणि कापूस यांची लांब पल्ल्याची वाहतूक करणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांचे असत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे नोंदवले आहे, आणि पुढे मोगल, मराठे व इंग्रज या सर्वांच्या फौजांना धान्य पुरविण्याचे काम याच तांड्यांनी केले.

ओझ्याच्या बैलावर माल टिकवणारी मुख्य गोष्ट दोर नसून तोल होती. पाठीवर पालाण, म्हणजे ओझ्याखालची जाड गादी, टाकून त्यावर गोण्यांची जोडी आडवी घातली की दोन्ही बाजूंचे वजन एकमेकांना धरून ठेवत असे. एका बाजूला पाच-सात शेर धान्य अधिक झाले तर ओझे हळूहळू त्या बाजूला उतरत जाई, पालाण फिरे आणि बैलाच्या पाठीला घासून जखम होई. अशा वेळी दोर कितीही आवळला तरी उपयोग नसे, उलट तो बैलाच्या पोटात रुतत असे. रोज मुक्कामाला ओझी उतरवायची आणि पहाटे पुन्हा चढवायची हा तांड्याचा क्रम असल्याने तोलाची परीक्षाही रोज होत असे, आणि ती घेणारा बैल स्वतःच होता : ओझे कलले की तो अडखळे, एका अंगाला झुके किंवा थांबून राही. ओझ्यातील चूक वाहून नेणाऱ्याला ताबडतोब कळणे हे या वाहतुकीचे वैशिष्ट्य होते, आणि पुढे वाहन जसजसे बलवान होत गेले तसतसे तेच हरपत गेले.

गाडी : अडसराचा काळ

दख्खनच्या पठारावर गाड्या नव्हत्या असे नाही, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या गाड्या भरीव किंवा दगडी चाकांच्या, अवजड आणि अनेक बैल लागणाऱ्या होत्या. १८३० च्या दशकात इंदापूर-सोलापूर भागात महसुली मोजणीच्या कामावर असलेल्या लेफ्टनंट गेसफर्ड याने हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाडीचा प्रसार केला आणि टेंभुर्णी येथे अशा गाड्या बनविण्याचा कारखाना उभा राहिला. याच सुमारास, नोव्हेंबर १८३० मध्ये, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे या वाटेवर गोणीची जागा गाडीने घेण्यास सुरुवात झाली.

दोन चाकांची गाडी हा खरे तर आसावर तोललेला एक आडवा तराजू आहे. माल मागे अधिक झाला की जू वर उचलले जाते, बैलांचे गळे आवळतात आणि गाडी ‘उलाळ’ होते असे शेतकरी म्हणतात. माल पुढे अधिक झाला की सारा भार बैलांच्या मानेवर येतो. सपाट रस्त्यावर गाडीवान हा तोल बसल्या जागी पुढेमागे सरकून सांभाळू शकतो, पण घाटात तसे चालत नाही. कारण चढावर माल मागे सरकला तर गाडी उलाळ होते, आणि उतारावर तो पुढे आला तर बैलांना मागून ढकलतो. म्हणजे भरतेवेळी साधलेला तोल वाटेत मोडतो तो माल सरकल्यामुळे, आणि म्हणून गाडीने समतोलाच्या जोडीला दुसरा उपाय आणला, तो अडसराचा. साट्याच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या, दोन्ही कडांना उभ्या खोवलेल्या काठ्यांना विदर्भात आणि इतरत्रही ‘उभाऱ्या’ म्हणतात. कडबा किंवा काड यांसारखा उंच आणि हलका माल या उभाऱ्यांच्या आत रचून वरून नाडा, म्हणजे जाड लांब दोर, टाकून आवळला जातो. उसाच्या बाबतीत हीच विद्या अधिक बारकाईने वापरली जाते : तोडलेल्या उसाची मोळी वेगळ्या दोरीने न बांधता उसाच्याच शेंड्याकडील हिरव्या पानांनी, म्हणजे वाढ्यांनी, बांधतात आणि गाडीत मोळ्या एकमेकींत अशा गुंतवतात की निसटलेला एखादा ऊस सगळ्या थराला सैल करत नाही. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यानंतर साखरपट्ट्यात जी प्रचंड ऊस वाहतूक वाढली, ती बैलगाडीवर, टायरगाडीवर, ट्रॅक्टरवर आणि ट्रकवर याच मोळीच्या आधाराने चालली.

रेल्वेने हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, १८६३ मध्ये बोरघाटाचा आणि १८६५ मध्ये थळघाटाचा लोहमार्ग पुरा झाला, आणि वऱ्हाडातील कापूस, जो पूर्वी बैलांच्या पाठीवरून धूळ आणि पाऊस खात मुंबईस येई, तो आता दाबून, पट्ट्यांनी आवळून केलेल्या घट्ट गाठींच्या रूपात बंद डब्यांतून येऊ लागला. रूळ, डबा, मालधक्का आणि नियमपुस्तक ही सर्व एकाच मालकाची असल्याने कोणता माल कसा भरावा हे रेल्वे हुकमाने ठरवू शकत होती. रस्त्यावरच्या वाहतुकीला असा एक मालक कधीच लाभला नाही.

दोर आणि गाठ

गाडी आणि ट्रक यांच्यामधला दुवा दोराचा आहे, आणि महाराष्ट्रात दोराचा इतिहास मातंग समाजाच्या श्रमाचा इतिहास आहे. गावगाड्यात दोर वळण्याचे काम परंपरेने मातंगांकडे असे. घायपात किंवा केकताड या काटेरी, लांब पानांच्या वनस्पतीची पाने पाण्यात कुजवून, झोडपून त्यांतून वाख, म्हणजे पांढरा राठ धागा, काढायचा आणि त्याला पीळ देऊन नाडा, कासरा, दावे, चऱ्हाट असे जाडीप्रमाणे आणि कामाप्रमाणे वेगवेगळे दोर वळायचे, हे कौशल्य बलुत्याच्या धान्यावर गावाला मिळत होते. अंबाडीचे दोर आणि किनाऱ्याकडून येणारे काथ्याचे दोरही वापरात होते. या नैसर्गिक धाग्यांचा एक गुण मालबांधणीत फार महत्त्वाचा ठरतो : भिजले की ते फुगतात आणि लांबीने आखडतात, सुकले की पुन्हा सैल पडतात. त्यामुळे पावसात बांधलेली गाडी उन्हात ढिली होई, आणि गाडीवानाला वाटेत थांबून दोर पुन्हा आवळावा लागे. नायलॉनचा दोर भिजल्यावर उलट अधिक ताणला जातो, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोर बदलला तेव्हा जुनी सवय नव्या कारणासाठी चालू ठेवावी लागली.

दोराला ताण देण्याची युक्तीही जुनीच आहे. मराठीत सहज सुटणाऱ्या गाठीला सुरगाठ आणि न सुटणाऱ्या गाठीला निरगाठ म्हणतात, आणि ट्रकवर माल आवळताना जी गाठ वापरतात ती या दोहोंच्या मधली आहे. हौद्याच्या एका बाजूच्या हुकाला दोर अडकवून तो मालावरून दुसऱ्या बाजूला टाकतात. लोंबणाऱ्या दोरात सुरगाठीचा एक डोळा करतात, दोराचे टोक खालच्या हुकातून वळवून पुन्हा त्या डोळ्यातून काढतात आणि मग पाय फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या उघडझाप होणाऱ्या लाकडी बाजूला, टेकवून, अंगाचा सारा भार टाकून खाली ओढतात. डोळा आणि हुक या दोन ठिकाणी दोर वळल्यामुळे ही रचना कप्पीसारखी वागते. तात्त्विकदृष्ट्या ओढणाऱ्याच्या जोराच्या तिप्पट ताण वरच्या दोरात येतो, प्रत्यक्षात घर्षणामुळे तो बराच कमी भरतो, तरी नुसत्या हाताने ओढण्यापेक्षा खूप अधिक असतो. शेवटी टोकाचा एक फास टाकून ताण अडकवला जातो, आणि माल उतरवताना तोच फास एका हिसक्यात सुटतो. युरोपात गाडीवानांच्या आणि ट्रकवाल्यांच्या नावाने ओळखली जाणारी गाठ हीच होय.

हौदा : ताणाचा काळ

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारलॉऱ्या दिसू लागल्या आणि १९२८ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. परंतु मालवाहू ट्रक हे देशाचे नेहमीचे वाहन झाले ते स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५४ मध्ये टेल्को आणि जर्मनीची डाइमलर-बेन्झ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू झाल्यानंतर. या काळातील एक व्यवस्था मालबांधणीच्या दृष्टीने निर्णायक ठरली. कारखान्यातून बहुधा केवळ चासी, म्हणजे इंजिन, चाके आणि लोखंडी सांगाडा, बाहेर पडे, आणि चालकाची केबिन व मागचा हौदा स्थानिक बॉडीबिल्डर, म्हणजे सुतार-लोहार मिस्त्री, बांधून देई. फाळका किती जाड असावा, दोरासाठी हुक किती अंतरावर आणि कोठे असावेत, पुढची भिंत किती मजबूत असावी, हे मालकाच्या ऐपतीवर आणि मिस्त्रीच्या अनुभवावर ठरत होते. ज्या कड्यांवर दहा टन मालाची मदार, त्या कड्यांचे गणित वाहन बनविणाऱ्या कारखान्याच्या हिशोबात धरलेच गेलेले नसे.

हे गणित कोणते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण बैल आणि गाडी यांच्या वेगाला ज्याची गरज नव्हती ते ट्रकच्या वेगाने अपरिहार्य केले. वाहन थांबते तेव्हा माल थांबत नाही. तो पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. युरोप आणि अमेरिकेतील नियमांत असे धरले जाते की जोरात ब्रेक लागला असता मालाला त्याच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढच्या दिशेने आणि वळणावर ५० टक्के इतका जोर बाजूला ढकलू शकतो. म्हणजे १० टनांचा माल ब्रेक लागताच ८ टनांच्या जोराने केबिनकडे झेपावतो. लाकडी तळ आणि माल यांच्यातील घर्षण वजनाच्या ३० टक्के धरले तर त्यातील ३ टन केवळ खरबरीतपणामुळे रोखले जातात. उरलेले ५ टन पुढची भिंत, चाकांखाली देतात तशा पाचरा आणि दोर यांनी मिळून रोखायचे असतात. वळणाचा हिशोब अधिक फसवा असतो, कारण तेथे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो : ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मालावर वजनाच्या ६ टक्के इतकाच आडवा जोर येतो, ताशी ४० ला तो २५ टक्के होतो, आणि ताशी ६० ला ५७ टक्के, म्हणजे नियमांनी गृहीत धरलेल्या मर्यादेच्याही पलीकडे.

वरून टाकलेला दोर मालाला पकडून ठेवतो ही समजूत सर्वसामान्य असली तरी पूर्ण खरी नाही. असा दोर मालाला खाली दाबतो, त्या दाबाने तळाशी घर्षण वाढते, आणि माल रोखला जातो तो त्या वाढलेल्या घर्षणाने. म्हणून दोर उभ्या दिशेने उतरत असेल तर त्याचा सारा ताण दाबण्याच्या कामी येतो, आणि तळाशी ३० अंशांचा कोन करून तिरपा उतरत असेल तर निम्माच येतो. बसका, रुंद माल वरून नुसता आवळला तर तो बांधलेला दिसतो, पण बांधलेला असतोच असे नाही. चिरे किंवा लोखंडी पत्र्याची गुंडाळी यांसारख्या जड व लहान आकाराच्या मालात म्हणूनच पाचर आणि ठोकळे यांना दोराहून अधिक महत्त्व आहे. द्रव मालाला तर दोर लागूच पडत नाही. इंधनाच्या टँकरचे कप्पे पाडतात किंवा आत भोके असलेले आडवे पडदे बसवतात, जेणेकरून अर्धवट भरलेल्या टाकीतील लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धडकू नये. दुधाच्या टाकीत असे पडदे बसवले तर कोपऱ्यांत दूध साचून टाकी नीट धुतली जात नाही, म्हणून अनेक दुधाच्या टाक्या आतून मोकळ्या ठेवतात, आणि त्या काठोकाठ भरणे किंवा हळू चालवणे हाच उपाय उरतो.

वारणार

धान्य, कांदे, साखर, सिमेंट अशा पोत्यांतल्या मालाची गोष्ट मात्र दोरापाशी सुरू होत नाही, ती वारणीपाशी सुरू होते. चांगली वारणी भिंतीच्या बांधकामासारखी असते. गवंडी जसा खालच्या थरातील दोन विटांच्या सांध्यावर वरच्या थरातील वीट ठेवतो आणि त्याला सांधेमोड म्हणतो, तसाच वारणार एका थरात पोती आडवी आणि पुढच्या थरात उभी टाकत जातो. पोत्याचे शिवलेले तोंड आतल्या बाजूला ठेवतो, म्हणजे शिवण उसवली तरी धान्य बाहेर सांडत नाही. आणि वरचे थर कडेपासून किंचित आत घेत जातो, म्हणजे थप्पी हौद्याबाहेर झुकत नाही. असा माल आपल्याच वजनाने एकमेकांत रुतून बसतो आणि दोराचे अर्धे काम दोर येण्यापूर्वीच झालेले असते. यात पोत्याच्या कापडाचाही वाटा आहे. तागाचे पोते राठ असते आणि दुसऱ्या पोत्याला धरून राहते, तर विणलेल्या प्लास्टिकचे पोते गुळगुळीत असल्याने त्याची उंच थप्पी लवकर घसरते. संसदेने १९८७ मध्ये काही मालासाठी तागाचे वेष्टन सक्तीचे करणारा कायदा केला तो ताग उत्पादकांच्या हितासाठी. पण धान्य आणि साखर तागात राहिली याचा अनपेक्षित लाभ वारणीलाही झाला.

ही विद्या ज्यांच्या हातात होती त्यांना कायद्याने ओळखले ते फार उशिरा. पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ संमत झाला. माथाडी म्हणजे माथ्यावरून ओझे वाहणारा. या कायद्याने चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहणे, मोजणे, तोलणे अशी कामे नोंदवून त्यांच्यासाठी मंडळे निर्माण केली आणि मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व नुकसानभरपाई यांची व्यवस्था लावली. हमाल, मापाडी, तोलणार यांच्याबरोबर वारणार हाही एक कामगार म्हणून गणला गेला. पोत्याच्या वजनाचा प्रश्नही याच चळवळीने लावून धरला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचवली होती, तर येथील पोती १०० किलोची होती. ती हळूहळू ५० किलोवर आली, आणि हमालाच्या मणक्याबरोबर वारणीचेही भले झाले, कारण लहान पोत्यांचे सांधे मोडणे आणि थर घट्ट बसवणे सोपे जाते.

तथापि या व्यवस्थेत एक दुभंग राहून गेला. माल वारणारा बाजारातच राहतो आणि माल घेऊन जातो तो चालक. दोर आणि ताडपत्री बांधतो तो चालकाचा साथीदार, म्हणजे क्लीनर. माल चढवण्या-उतरवण्याची आणि लावण्याची मजुरी, जिला वाहतूकदार ‘वाराई’ म्हणतात, ती व्यापाऱ्याने द्यावी की ट्रकमालकाने, यावरून महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाद होत आले आहेत. परंतु वाद मजुरीचा झाला, वारणी बिघडली तर जबाबदार कोण याचा झाला नाही. तांड्यात ओझे भरणारा आणि हाकणारा एकाच कुटुंबातला असे, गाडीवान बहुधा स्वतःच गाडी भरत असे. ट्रकपाशी ही दोन माणसे वेगळी झाली आणि एकाची चूक दुसऱ्याच्या वाट्याला येऊ लागली.

वजनाचा कायदा

कायद्याने या दुभंगावर पूल बांधला नाही, याची कारणे कायद्याच्या घडणीतच सापडतात. १८६५ चा कॅरिअर्स ॲक्ट, जो जवळजवळ दीड शतक रस्त्यावरील मालवाहतुकीला लागू राहिला आणि ज्याची जागा पुढे २००७ च्या कायद्याने घेतली, तो मालाच्या नुकसानीचा कायदा होता. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज मालधन्याला नसे. त्यामुळे हललेला माल हा भरपाईचा विषय ठरला. दुसरीकडे १९३९ आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांनी लक्ष केंद्रित केले ते वजनावर, आणि त्यालाही सबळ कारण होते : रस्ते सरकारचे होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटवा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ताचाचणीतून असे दिसून आले की आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात रस्त्याची झीज वाढते, म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज सुमारे सोळापट होते. जादा वजन सरकारच्या तिजोरीला थेट टोचत होते, सैल दोर टोचत नव्हता.

तरीही वजनाची मर्यादा पाळली गेली असे म्हणता येत नाही. काही राज्यांनी शुल्क घेऊन जादा भाराची मुभा देणाऱ्या योजना चालवल्या, आणि त्या बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २००५ मध्ये सांगावे लागले. पुढे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादाच वाढवली आणि दोन आसांच्या, सहा चाकांच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. मालाच्या आकाराबद्दलचे नियम त्यामानाने हळूहळू कडक झाले. ट्रकच्या मागे बाहेर आलेल्या लोखंडी सळ्यांवर मागून येणारी वाहने आदळून मोठ्या प्रमाणावर मृत्यू होत असल्याने २०१४ मध्ये नियम बदलून असा बाहेर आलेला माल नेण्याची सवलत काढून घेण्यात आली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड ठरवला. माल धोकादायक रीतीने लादू नये असे विनियमांत म्हटलेले आहे. पण किती वजनाला किती दोर, किती ताणाचे, कोठे बांधलेले, याचे कोष्टक त्यात नाही. जर्मनीत अभियंत्यांच्या संघटनेने माल बांधणीची मार्गदर्शक तत्त्वे १९७५ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि अमेरिकेच्या २००२ च्या नियमांनी सर्व बंधनांची मिळून कार्यक्षमता मालाच्या वजनाच्या किमान निम्मी असावी असे आकड्यांत सांगितले. भारतीय रस्त्यावर ट्रक काट्यावर उभा केला जातो, त्याची उंची मोजली जाते. त्याच्या दोराला हात लावून पाहणारा सरकारी माणूस विरळा.

पेटी

कंटेनरने हा सारा प्रश्न मिटवला असे विसाव्या शतकाच्या अखेरीस वाटू लागले. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रकमालकाने ५८ पेट्या घेऊन एक जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले, आणि अभियंता कीथ टँटलिंगर याने पेटीचे चार कोपरे जहाजाला किंवा ट्रेलरला जखडणारे फिरते कुलूप घडवले. दांडा पाव फेरा फिरवला की वीस-पंचवीस टनांची पेटी सांगाड्याशी एक होते. १९८९ मध्ये उरणजवळ न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पनवेल, कळंबोलीच्या रस्त्यांवर अशा पेट्या वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग लागली. चार कोपरे कुलूपबंद केले की पेटी हलत नाही हे खरे. परंतु पेटीच्या आतला माल हलत नाही असे त्यातून सिद्ध होत नाही. उलट दार सीलबंद झाल्यामुळे आतली वारणी पाहण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा मार्गच चालकाला उरला नाही, आणि घाटाच्या वळणावर आतला माल एका अंगाला गेला तर त्याला ते कळते ते गाडी कलल्यावरच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, श्रम संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांना मिळून २०१४ मध्ये पेटी कशी भरावी याची संहिता काढावी लागली, यावरून हा प्रश्न मिटला नव्हता हे स्पष्ट होते. तो फक्त नजरेआड झाला होता.

अमेरिकी नियमांत एक तरतूद अशी आहे की चालकाने निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधलेला माल तपासावा आणि पुढेही ठरावीक अंतराने किंवा वेळाने तपासत राहावे. सीलबंद पेटीला मात्र तिने सूट दिली आहे. या तरतुदीमागचे कारण साधे आहे : पोती हादऱ्यांनी दबतात, थप्पी बसते, आणि घट्ट बांधलेला दोर कोणाचीही चूक नसताना सैल पडतो. मुंबईहून पुण्याकडे निघालेला जुना चालक घाट लागण्यापूर्वी खोपोलीपाशी गाडी बाजूला घेऊन भोवती फेरी मारतो, प्रत्येक दोरावर तळहात मारून तो वाजतो की नुसता हलतो हे पाहतो आणि ढिला सापडला तर गाठीचा डोळा पुन्हा ओढतो, तेव्हा तो कोणत्याही भारतीय विनियमाचे कलम पाळत नसतो. ओझे कलले की बैल थांबत असे. इंजिन थांबत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचे थांबणे चालकाला थांबावे लागते.